पहिली अट आणि एकविसावी अट : आराखड्यांच्या संगणकीय इष्टतमीकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

घराचा, शाळेचा किंवा रुग्णालयाचा आराखडा संगणकाकडून तयार करवून घेण्याची कल्पना आता साठ वर्षांची झाली आहे. खोल्यांची यादी, प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ, कोणती खोली कोणत्या खोलीजवळ असावी याविषयीच्या अटी आणि चांगल्या आराखड्याची एखादी मोजता येणारी कसोटी एवढे आज्ञावलीला पुरवले की ती शेकडो, प्रसंगी हजारो पर्याय मांडते, त्यांना गुण देते आणि अधिक गुण मिळवणाऱ्या पर्यायांच्या दिशेने पुढे सरकते. या सरकत जाण्यालाच इष्टतमीकरण म्हणतात. या विषयावरील लेखनाचा मोठा भाग ही वाटचाल किती वेगाने आणि किती अचूकपणे होते याच्या विवेचनाने व्यापलेला आहे. संगणकाचे उत्तर बरोबर आहे काय, हे तेथे कसोशीने तपासले जाते. संगणकाला घातलेला प्रश्न कोणी तयार केला आणि तो तयार करताना कोणाचे जगणे प्रमाण मानले, याची तपासणी मात्र क्वचितच होते.

या दुसऱ्या तपासणीसाठी सर्वांत उपयुक्त ग्रंथ या विद्याशाखेच्या आरंभीचाच आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या परिशिष्टात एका भारतीय खेड्याचा संगणकाच्या साहाय्याने केलेला विचार सविस्तर दिला आहे. ग्रंथाच्या मुख्य भागातील सिद्धान्ताची चर्चा भरपूर झाली. परिशिष्टातील अटींची यादी भारतीय वाचकाने जशी वाचायला हवी तशी वाचली गेली नाही. त्या यादीकडे वळण्यापूर्वी तिच्या आगेमागे काय घडत होते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

दोन कोष्टके

१९५७ मध्ये च्यालिंग कूपमन्स आणि मार्टिन बेकमन या अर्थशास्त्रज्ञांनी कारखान्यांच्या जागावाटपाचा एक प्रश्न मांडला. जितके कारखाने तितक्या जागा आहेत. कोणत्या दोन कारखान्यांत किती मालाची ने-आण होते, हे ठाऊक आहे. कोणत्या दोन जागांत किती अंतर आहे, हेही ठाऊक आहे. ने-आण आणि अंतर यांच्या गुणाकारांची बेरीज कमीत कमी व्हावी अशा रीतीने प्रत्येक कारखान्याला जागा द्यायची आहे. कारखान्यांच्या ठिकाणी खोल्या आणि मालाच्या ठिकाणी चालणारी माणसे कल्पिली की हाच प्रश्न इमारतीच्या आराखड्याचा होतो. १९६३ मध्ये आर्मर आणि बफा यांनी यंत्रशाळांच्या मांडणीसाठी अशी एक पद्धती दिली. त्यानंतर वास्तुरचनेत तिची अनेक रूपे आली.

प्रश्न दिसायला साधा असला तरी सोडवायला अतिशय अवघड आहे. वीस खोल्या वीस जागांत मांडण्याचे प्रकार चोविसावर सतरा शून्ये इतके होतात. हा प्रश्न गणनदृष्ट्या दुःसाध्य वर्गातील असल्याचे साहनी आणि गोन्झालेझ यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले. १९६८ मध्ये मांडलेले तीस जागांचे एक प्रसिद्ध उदाहरण २००० सालापर्यंत कोणालाही निर्विवाद सोडवता आले नव्हते. शेवटी शेकडो संगणक सुमारे आठवडाभर एकत्र चालवून ते सुटले. एवढ्या अवघड कोड्याने हुशार माणसांचे लक्ष वेधून घ्यावे, हे स्वाभाविक होते. त्याची एक किंमत मात्र मोजावी लागली. कोड्यात दोन कोष्टके असतात. अंतरांचे कोष्टक भूमितीतून येते. येण्याजाण्याचे कोष्टक समाजातून येते. कोडे सोडवणाऱ्यांच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, म्हणजे ‘दिलेली’.

दुसरे कोष्टक कसे भरले जाते, याचे एक प्रामाणिक उदाहरण म्हणजे व्हाइटहेड आणि एल्डर्स यांचे काम. ब्रिटनमधील रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाची इष्टतम मांडणी कशी करावी, हे त्यांनी १९६४ मध्ये ‘आर्किटेक्ट्स जर्नल’ या नियतकालिकातून दाखवले. प्रत्यक्ष विभागात कोण कोठून कोठे किती वेळा जाते, याची त्यांनी नोंद केली. ज्या खोलीचा इतरांशी सर्वाधिक संबंध, ती मध्यभागी ठेवली आणि बाकीच्या एकेक करून तिच्याभोवती बसवल्या. मात्र सर्व फेऱ्या सारख्या धरल्या नव्हत्या. फेरी मारणाऱ्याच्या वेतनानुसार तिचे वजन ठरवून सर्व फेऱ्या एका प्रमाणित मापात आणल्या होत्या. हिशेबाच्या दृष्टीने हे निर्दोष आहे, कारण रुग्णालयाला शल्यविशारदाचा एक मिनिट परिचारिकेच्या एका मिनिटापेक्षा महाग पडतो. परंतु या सूत्राचा अर्थ असा की, शल्यविशारदाची दहा पावले वाचवण्यासाठी परिचारिकेला त्याहून बरीच अधिक पावले चालवणे हा आराखड्याचा गुण ठरतो. शिवाय नोंद जुन्या इमारतीत झालेली असते. परिचारिका कोठारापर्यंत किती वेळा जाते, हे कोठार कोठे आहे आणि कामाची वाटणी कोणी कशी केली आहे यावरही अवलंबून असते. जुन्या व्यवस्थेने पाडलेली सवय नव्या इमारतीत गरज म्हणून शिरते आणि भिंतींच्या रूपाने पक्की होते.

या सर्व पद्धतींत चालणे म्हणजे खर्च आणि मार्गिका म्हणजे वाया गेलेली जागा, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक वाटते तितके जुने नाही. रॉबिन इव्हान्स यांनी १९७८ च्या ‘फिगर्स, डोअर्स अँड पॅसेजेस’ या निबंधात दाखवले आहे की, सोळाव्या शतकातील इटलीच्या प्रासादांत खोलीला जितकी दारे अधिक तितकी ती सोयीची मानली जाई. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत माणसे जात आणि वाटेत एकमेकांना भेटत. इंग्लंडमध्ये १५९७ च्या सुमारास चेल्सी येथील ब्यूफोर्ट हाउसच्या जॉन थॉर्प यांच्या आराखड्यात मार्गिका दिसते आणि पुढील शतकात मोठ्या घरांत ती रुळते. नोकरांची ये-जा मालकांच्या दृष्टीआड व्हावी, हे तिचे एक उघड प्रयोजन होते. म्हणजे मार्गिका ही मुळातच माणसांना माणसांपासून वेगळे ठेवण्याची युक्ती. तिची लांबी कमी करणारी आज्ञावली ही युक्ती अधिक काटकसरीने राबवते. युक्ती हवी की नको, हे तिला कोणी विचारलेले नसते.

अमेरिकेतील जोएल सायमन यांचा अलीकडचा प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. मेन राज्यातील एका प्राथमिक शाळेच्या खोल्या आणि त्यांच्यामधील अपेक्षित वर्दळ घेऊन त्यांनी त्या जनुकीय पद्धतीच्या आज्ञावलीला दिल्या. चालणे आणि बांधकामाचे साहित्य कमीत कमी व्हावे, एवढीच कसोटी ठेवल्यावर जे आराखडे आले, ते वनस्पतीच्या पेशींसारखे दिसतात. वर्ग एकमेकांना चिकटलेले, काटकोनांचा पत्ता नाही आणि पोटातल्या कित्येक खोल्यांना खिडकी नाही. खिडक्यांची अट मिळवली की आत चौक उमटू लागतात. हे आराखडे बांधण्यासाठी नाहीत, हे सायमन स्वतःच मान्य करतात आणि त्यातच प्रयोगाचे मूल्य आहे. मुलांना उजेड लागतो, हे कोणी लिहिले नाही तर आज्ञावलीला ते माहीत नसते. खिडकीची उणीव चित्रात लगेच दिसते. सर्वच उणिवा अशा दिसत नाहीत.

एकशे एक्केचाळीस अटी

अलेक्झांडर १९३६ मध्ये व्हिएन्नात जन्मले, केंब्रिजमध्ये गणित आणि वास्तुकला शिकले आणि हार्वर्डमध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी संशोधन केले. त्यांचा मूळ विचार असा : उत्तम रचना म्हणजे काय, हे सांगणे कठीण आहे; कोठे काय बिनसले आहे, हे सांगणे सोपे आहे. म्हणून संभाव्य विसंगतींची यादी करावी. मग यादीतील प्रत्येक दोन अटींविषयी विचारावे की, एकीबाबत काही केल्याने दुसरीबाबत काही करणे सोपे किंवा अवघड होते काय. होत असल्यास त्या दोघींत एक रेघ ओढावी. अशा बिंदू आणि रेघांच्या जाळ्याचे असे गट पाडावेत की गटांमधल्या रेघा शक्य तितक्या कमी तुटतील. हे गट पाडणे माणसाच्या आवाक्यातले नसल्याने अलेक्झांडर आणि मार्विन मॅनहाइम यांनी १९६२ मध्ये एम.आय.टी.त त्यासाठी आज्ञावली लिहिली. प्रत्येक गटासाठी एक आकृती काढायची आणि आकृत्या जोडत जोडत संपूर्ण रचनेपर्यंत यायचे, असा पुढचा क्रम. आजच्या आज्ञावलींत वापरले जाणारे खोल्यांच्या संबंधांचे जाळे या जाळ्याच्याच कुळातले आहे.

ग्रंथातील मोठे उदाहरण सुमारे सहाशे वस्तीच्या शेतकरी खेड्याचे आहे. अलेक्झांडर यांनी गुजरातेतील बावरा या गावात राहून ते तयार केले होते. यादीत १४१ अटी आहेत. त्या कोठून घेतल्या, हेही ते सांगतात : गावकऱ्यांना स्वतः गरज म्हणून जाणवणाऱ्या, राष्ट्राच्या व प्रदेशाच्या आर्थिक-सामाजिक उद्दिष्टांतून येणाऱ्या, आणि सध्याच्या गावात न बोलता पूर्ण होत असलेल्या. यादीत गुरांचा गोठा आहे, शेणाचे इंधन आहे, घराचे दार दक्षिणेकडे नसावे हा संकेत आहे, बायकांचे पाणवठ्यावरचे बोलणे आहे, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या पुरुषांच्या गप्पा आहेत, कुस्ती आणि नाटकाची जागा आहे. परदेशी अभ्यासकाचे निरीक्षण इतके बारीक असावे, याचे कौतुक वाटते.

या यादीतील पहिली अट अशी आहे : हरिजनांना विटाळाचे, अस्पृश्य मानले जाते. नववी : एका जातीचे लोक एकत्र आणि इतरांपासून वेगळे राहू इच्छितात, एकमेकांच्या हातचे खातपीत नाहीत. एकोणतिसावी : रोजच्या स्नानाची सोय लिंग, जात आणि वय यांनुसार वेगवेगळी असावी. एकविसावी अट : अस्पृश्यतेचे निर्मूलन. शेवटची, एकशे एक्केचाळिसावी : तरुणांचे व हरिजनांचे शहरांकडे होणारे स्थलांतर थांबवणे.

हे वाचताना काही तारखा आठवणे भाग आहे. भारतीय संविधानाचे सतरावे कलम १९५० पासून लागू होते आणि अस्पृश्यता पाळणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. तरीही १९६२ च्या सुमारास केलेल्या यादीत ती आरंभीच येते. यात अलेक्झांडर यांनी काही लपवले, असे म्हणता येत नाही. उलट जे दिसले ते त्यांनी नोंदवले. अडचण नोंदीत नसून नोंदीचे अटीत रूपांतर होण्यात आहे. ‘गावात असे मानले जाते’ हे समाजशास्त्राचे विधान आहे. तेच विधान विसंगती टाळण्याच्या यादीत बसले की त्याचा अर्थ ‘रचना याच्याशी जुळली पाहिजे’ असा होतो. गावकऱ्यांना जाणवणारी गरज असे म्हणताना कोणते गावकरी अभिप्रेत होते, हेही विचारले पाहिजे. ज्यांना विटाळाचे मानले जात होते, त्यांना पहिली अट गरज म्हणून जाणवत असण्याचा संभव नाही.

आता रेघांकडे पाहू. पहिल्या अटीशी जोडलेल्या अटींच्या यादीत एकविसावी आहे, हे योग्यच आहे. पण रेघ काय सांगते? एकीने दुसरी सोपी होवो वा अवघड, रेघ एकच असते. सुसंगती आणि विरोध यांत गट पाडणारी आज्ञावली भेद करत नाही. अस्पृश्यता आणि तिचे निर्मूलन यांच्यात जी रेघ आहे, तशीच रेघ पहिल्या आणि नवव्या अटीत, म्हणजे अस्पृश्यता आणि जातींचे वेगळे राहणे यांच्यातही असू शकते. एक रेघ लढ्याची आणि दुसरी संगनमताची. गणिताला दोन्ही सारख्याच जवळच्या.

आज्ञावलीने १४१ अटींचे चार मोठे आणि बारा लहान गट पाडले. चार मोठ्यांपैकी पहिला गुरे, बैलगाड्या व इंधन यांचा, दुसरा शेती व सिंचनाचा, तिसरा गावाच्या सामुदायिक जीवनाचा आणि चौथा गावकऱ्यांच्या खाजगी जीवनाचा व निवाऱ्याचा. एकविसावी अट तिसऱ्यात गेली. पहिली आणि नववी चौथ्यात गेल्या. म्हणजे अस्पृश्यतेचे निर्मूलन हा सामुदायिक, सार्वजनिक व्यवहाराचा भाग झाला आणि अस्पृश्यता पाळणे हा घरादाराचा. स्वातंत्र्योत्तर भारतीय समाजाने आपली सोय नेमकी अशीच लावून घेतली होती : सभेत समता, स्वयंपाकघरात सोवळे. संगणकाने ती कोणाच्याही सूचनेवाचून, केवळ रेघा मोजून हुडकून काढली. समाजशास्त्रीय निष्कर्ष म्हणून हा विलक्षण आहे. परंतु त्या पद्धतीत तो निष्कर्ष नसून आकृती काढण्याचा आदेश ठरतो. गट पाडण्याचा हेतूच हा की, एका गटाची आकृती काढताना दुसऱ्या गटाचा विचार फारसा करावा लागू नये. घरांची आकृती काढणाऱ्याला निर्मूलनाची अट मुळीच समोर नसेल, अशी तजवीज पद्धतीनेच करून ठेवली आहे.

पहिल्या अटीच्या गटात आणखी एक अट आहे, अडुसष्टावी : पिण्याचे पाणी सहज मिळावे. महाडच्या चवदार तळ्यावरील १९२७ चा सत्याग्रह ठाऊक असलेल्या वाचकाला या दोन अटी शेजारी पाहून थांबावेच लागते. पाणी आणि विटाळ यांचा संबंध आज्ञावलीने अचूक ओळखला. त्या संबंधाचे काय करायचे, हे ती सांगू शकत नाही. दोन्ही अटी एकाच वेळी ‘पूर्ण’ करणारी आकृती भारतीय खेड्यांना फार पूर्वीपासून माहीत होती, ती म्हणजे दोन पाणवठे.

शेवटच्या अटीविषयी तर मतभेद उघड होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयीच्या भाबड्या आदरावर कठोर टीका केली होती आणि गाव सोडून शहराकडे जाणे हा दलितांच्या मुक्तीचा एक मार्ग आहे, हा विचार आंबेडकरी चळवळीत रुजलेला होता. स्थलांतर थांबवणे ही नियोजनकारांची इच्छा. स्थलांतर करता येणे ही जाणाऱ्याची गरज. या वादातील एकच बाजू यादीत शिरली आणि गोड पाणी, पुरेसा चारा यांच्या पंक्तीला बसली.

अलेक्झांडर यांनी लवकरच ही पद्धती मागे टाकली. ‘अ सिटी इज नॉट अ ट्री’ या १९६५ च्या निबंधात त्यांनी गटांच्या अशा उतरंडीवरच आक्षेप घेतला : जिवंत शहरात गट एकमेकांत मिसळलेले असतात. १९७१ च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत त्यांनी रचनापद्धतींचा वेगळा अभ्यास निरर्थक ठरवून आकृत्यांचा विचार तेवढा महत्त्वाचा मानला. त्यातूनच पुढे १९७७ चा ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ आला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ही आत्मटीका मोलाची आहे. पण ती पद्धतीच्या आकाराविषयी आहे. यादीत काय होते आणि ते कोणाच्या वतीने लिहिले गेले, हा प्रश्न तिच्यात येत नाही.

यादी नाहीशी होते

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. हाताने आराखडा काढणारा वास्तुकारही पूर्वग्रहांपासून मुक्त नसतो. नोकरांसाठी मागचा जिना आणि खिडकी नसलेली खोली संगणकाने शोधलेली नाही. उलट संगणकासाठी सर्व काही लिहून काढावे लागते, त्यामुळे पूर्वग्रह निदान कागदावर येतो. हा आक्षेप मान्य करावाच लागेल. अलेक्झांडर यांची यादी आज साठ वर्षांनी वाचता येते, तिच्यातील पहिली अट खोडता येते, एकविसाव्या अटीला अधिक वजन देता येते. व्हाइटहेड आणि एल्डर्स यांची वेतनाधारित वजने बदलून पुन्हा आकडेमोड करता येते. उघड सूत्राशी भांडता येते.

गेल्या काही वर्षांत हीच सोय संपत चालली आहे. २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी आशियातील प्रत्यक्ष निवासी इमारतींच्या ८० हजारांहून अधिक आराखड्यांचा एक विदासंच तयार केला. २०२० च्या ‘हाउस-गॅन’ने जपानमधील घरांच्या एक लाखाहून अधिक आराखड्यांवरून आणि २०२३ च्या ‘हाउस-डिफ्यूजन’ने पहिल्या संचावरून आराखडे काढायला शिकलेल्या आज्ञावली पुढे आणल्या. येथे कोणी अटी लिहीत नाही. खोल्यांची नावे आणि त्यांच्यामधील जोड दिले की आज्ञावली आजवर पाहिलेल्या घरांसारखे घर काढून देते. उत्तराची परीक्षाही मुख्यतः अशीच : नव्या आराखड्यांचा समूह जुन्या आराखड्यांच्या समूहाशी सांख्यिकीदृष्ट्या किती जुळतो, आणि मागितलेले जोड किती पाळले गेले. चांगले घर म्हणजे आजवर बांधल्या गेलेल्या घरांसारखे घर. चिनी संचात मुख्य शयनगृह, मुलांची खोली, पाहुण्यांची खोली असे प्रकार आहेत, देवघर नाही. हे दोषारोप म्हणून सांगण्याचे कारण नाही, कारण ती घरे तेथल्या बाजारातली आहेत. पण तीच आज्ञावली उद्या येथील निवासी संकुलांच्या नकाशांवर शिकवली, तर घरकामाला येणाऱ्या बाईसाठी वेगळे शौचालय आणि वेगळी उद्वाहने हेही ती निमूटपणे शिकेल. त्या वेळी खोडता येईल अशी पहिली अट कोठेही लिहिलेली नसेल.

दोन टोकांच्या मध्ये काही प्रयत्न झाले आहेत. टोरांटोतील ‘मार्स’ संकुलात ऑटोडेस्क या कंपनीने २०१७ मध्ये आपले कार्यालय थाटताना सहा कसोट्या ठेवल्या. त्यांत सूर्यप्रकाश, बाहेरचे दृश्य, व्यत्यय, भेटीगाठींची शक्यता यांच्याबरोबर कोणाला कोणाजवळ बसायला आवडेल आणि कशा वातावरणात काम करायला आवडेल, हे कर्मचाऱ्यांनाच विचारून घेतले होते. दुसरे कोष्टक तेथे राहणाऱ्यांनी भरले, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र विचारले गेले ते कर्मचाऱ्यांना. किती जागा घ्यायची आणि त्यासाठी किती खर्च करायचा, हे विचारण्यासाठी नव्हते.

यादीत नसलेली जागा

एकशे एक्केचाळिसावी अट न पाळता जे शहरात आले, त्यांपैकी अनेकांना मुंबईने चाळीत जागा दिली. स्वतः आंबेडकर परळच्या बी.आय.टी. चाळीत वीसहून अधिक वर्षे राहिले. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने उभारलेल्या बी.डी.डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. इष्टतमीकरणाच्या कोणत्याही सूत्राने पाहिले तर या आराखड्यात सुधारणेला वाव आहे आणि तो खरा आहे. पहाटेच्या रांगेत उभे राहण्यात काव्य शोधणारे बहुधा त्या रांगेत उभे राहिलेले नसतात. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे, स्वतंत्र शौचालय असलेले घर मिळणे ही रहिवाशांची जीत आहे.

पण खोल्यांच्या बाहेरून जाणारा सामाईक मार्ग, मग तो गॅलरी असो वा मधला पॅसेज, सूत्राच्या दृष्टीने केवळ अंतर आहे. त्यावर अभ्यास होतो, वाळवणे होतात, भांडणे आणि गणपतीच्या वर्गणीचे हिशेब होतात, हे येण्याजाण्याच्या कोष्टकात मांडता येत नाही, कारण कोष्टक दोन खोल्यांमधल्या फेऱ्या मोजते आणि येथे कोणी कोठे जात नसते. गिरगावातील सात स्त्रियांनी १९५९ मध्ये एका इमारतीच्या गच्चीवर लाटलेल्या पापडांतून पुढे लिज्जतचा गृहोद्योग उभा राहिला. त्या इमारतीच्या खोल्यांच्या यादीत गच्ची असण्याचे कारण नव्हते. सामाईक जागा निर्मळ होती, असे समजण्याचेही कारण नाही. दलितांच्या आणि सवर्णांच्या चाळी कोणत्या, हे वरळीत सर्वांना ठाऊक असे आणि १९७४ च्या दंगलीत त्या सीमारेषा रक्ताने आखल्या गेल्या. पहिली अट शहरात आल्यावर गळून पडली नव्हती. तरीही कोणाची मुले कोणाच्या दारात खेळतात, हे ठरवण्याचे भांडण चाळीच्या मार्गावर करता येत होते. उद्वाहनातून थेट दारापाशी नेणाऱ्या मनोऱ्यात फेऱ्या कमी होतील, हे सूत्र सांगू शकते. भांडणाची जागा गेली, हे त्याला दिसत नाही.

अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या महाविद्यालयांत आता अशा आज्ञावलींवर विद्यार्थी प्रकल्प करतात. प्रकल्पाच्या अहवालात पर्यायांची संख्या आणि गुणांचा आलेख असतो; येण्याजाण्याचे कोष्टक कोणाला विचारून भरले, वजने कोणी ठरवली, हे बहुधा नसते. ते छापण्याची अट परीक्षकांनी घातली तर कामाचा दर्जा निश्चित उंचावेल. त्यापूर्वी करण्याजोगा एक छोटा अभ्यासही आहे. अलेक्झांडर यांच्या १४१ अटी आणि त्यांच्यातील रेघा ग्रंथात पूर्ण दिलेल्या आहेत. १९६२ मध्ये ज्यासाठी मोठे यंत्र लागले, ते गट पाडणे आज कोणत्याही महाविद्यालयातील साध्या संगणकावर काही क्षणांत होते. यादीतून पहिली, नववी, एकोणतिसावी आणि शेवटची अट काढून टाकावी, एकविसावी तशीच ठेवावी, आणि गट पुन्हा पाडावेत. अडुसष्टावी अट, म्हणजे पिण्याचे पाणी, मग कोणत्या गटात जाते आणि त्या गटाची आकृती काढताना विहीर कोठे येते, हे पाहण्यासारखे आहे.